रिकाम्या हातांचा कान्हा

कान्हाला कोणी "ये" म्हणत नसे. त्याच्यावर कोणाचा राग होता असं नाही. कसाऱ्यापासून पार टोकावड्यापर्यंत त्याला न ओळखणारं घर सापडणं अवघड होतं, आणि त्यातल्या प्रत्येक घराची इच्छा एकच होती, की हा आपल्याकडे न येवो.

कसाऱ्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत गेलं की उंबरखांड नावाची वाडी लागते. तिथला कान्हा सांगावा नेतो. म्हणजे वाडीत कोणी गेलं की ते सोयऱ्यांना कळवायला जातो. हे काम आता फोनवर होत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांना फोन माहीत आहे, सोयरे माहीत नाहीत. बारशाचं बोलावणं फोनवर चालतं, लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर चालते. मरणाला मात्र माणूसच जावा लागतो. फोनवर कळवलं तर आत्या येते, रडते, सगळं रीतसर करते आणि पुढे मरेपर्यंत सांगत राहते, की भाऊ गेल्याचं मला असं कळवलं, जसं काही लाइट गेली.

सांगावा न्यायचे कायदे आहेत. हात रिकामे पाहिजेत. पिशवी नको, काठी नको. पावसाळ्यात छत्रीसुद्धा अंगणाच्या कडेला ठेवून पुढे जायचं. अंगणात उभं राहायचं, ओट्याला पाय लावायचा नाही. पाणी घ्यायचं नाही. 'मेला', 'गेली' असलं काही तोंडातून काढायचं नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "तुमची वाट बघतात." मग मागे न बघता चालू लागायचं. त्याला कोणी "ये" म्हणत नाही आणि तोही निघताना "येतो" म्हणत नाही. असल्या कामाला पुन्हा यायचं आश्वासन कोणाला हवं असतं?

हे काम त्याच्या बापाकडे होतं, बापाकडून त्याच्याकडे आलं. पोटासाठी तो थळ घाटात रुळांच्या कडेला दरडीची जाळी बसवणाऱ्या ठेकेदाराकडे जायचा. एकदा लग्न झालं होतं. नवऱ्याबरोबर बाजाराला गेलं की ओळखीच्या बायका लांबूनच तोंड पाडून "कोण गेलं गो?" विचारत. ती दुसऱ्याच वर्षी माहेरी गेली. तिला आणायला कान्हा गेला, अंगणात उभा राहिला आणि सासरा घरातून रडतच बाहेर आला. त्यानंतर तो विषय संपला.

आमच्याकडेही तो आलेला आहे. आम्ही आपले पुस्तकं वाचणारे, शकुन न मानणारे. तरी पुढचे कित्येक दिवस फाटक वाजलं की घरात कोणीच आधी उठत नसे.

पन्नाशी ओलांडल्यावर कान्हाचं तोंड सकाळी सुजायला लागलं. वाडीने याचा अर्थ लावला, की अंगावर मांस धरलंय. "सांगाव्यावर पोसलाय," असं शेजारचा चांगो म्हणाला आणि ते सगळ्यांना पटलं. मग पाय सुजले. पोटरीवर अंगठा दाबला की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. लघवीला फेस येऊ लागला. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात लघवी तपासली, रक्त तपासलं आणि मुंबईला मोठ्या इस्पितळाचा रस्ता दाखवला. तिथे कळलं ते असं, की रक्तातल्या प्रथिनांना मूत्रपिंडाने अडवून धरायचं असतं, कान्हाची मूत्रपिंडं ती सोडून देत होती. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. गळती काही थांबेना. पुढे डायलिसिस आहे, असं सांगून झालं.

त्या इस्पितळात तेव्हा एका नव्या उपचाराची चाचणी चालली होती. चाचणीतल्या डॉक्टर दिशा वयाने लहान होत्या, त्यामुळे त्यांना समजावून सांगायचा अजून कंटाळा आला नव्हता.

"तुमच्या रक्तात पहारेकरी पेशी असतात," त्या म्हणाल्या. "त्यातल्या एका जातीने घोळ घातलाय. तुमच्याच मूत्रपिंडाला त्या परकं समजतात आणि त्याच्यावर हत्यारं सोडतात."

"घरचंच भांडण," कान्हा म्हणाला.

"हो. तर आम्ही काय करणार, तुमच्या दुसऱ्या जातीच्या पेशी बाहेर काढून घेणार. प्रयोगशाळेत त्यांच्या जनुकांमध्ये बदल करणार. म्हणजे त्यांना एक पत्ता शिकवणार. त्या घोळ घालणाऱ्या पेशींच्या अंगावर एक खूण असते. आमच्या पेशी परत तुमच्या अंगात गेल्या की ती खूण शोधत फिरतात. सापडली की दाराशी उभ्या राहतात आणि..."

"तुमची वाट बघतात म्हणून सांगतात."

"काय?"

"काय नाय. सांगा तुमी."

"आणि त्यांना संपवतात. मग कालांतराने त्या जातीच्या नव्या पेशी येतात. त्या नीट वागतील अशी आशा आहे."

कान्हाला हे एकदम पटलं. जनुकं म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, ते मलाही नीटसं कळलेलं नाही. पण दारोदार फिरणारा, ओळख पटवून उभा राहणारा माणूस त्याला कळला. त्याने एकच प्रश्न विचारला.

"चुकीच्या दारी जात नायत ना?"

"क्वचित गोंधळ होतो. जोराचा ताप येतो. कधी माणूस बरळतो, स्वतःचं नाव विसरतो. म्हणून तर सोबतीला घरचं माणूस लागतं. महिनाभर. तुम्ही बरळताय की नेहमीच असं बोलता, हे ओळखणारं कोणीतरी हवं. त्याशिवाय आम्ही चाचणीत घेत नाही."

"मला समदेच वळखतात."

"मग त्यातलं एक आणा," डॉक्टर म्हणाल्या.

अट साधी होती. औषध फुकट, खाट फुकट, पेशी स्वतःच्याच. फक्त एक माणूस आणायचं होतं.

कान्हा वाडीत परत आला आणि पुढचे काही दिवस त्याने कोणाला काहीच विचारलं नाही. जन्मभर त्याने दारात जाऊन सांगितलं होतं. दारात जाऊन मागायची त्याला सवय नव्हती. चांगोकडे विषय काढला तर चांगो म्हणाला, "तुझ्यासंगती मी इस्पितळात बसू? आन् कोणी बघितला म्हंजे? आमच्या घरी रडारड व्हायची." त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

राहिली बहीण. गोदू त्याच्याहून धाकटी, दिलेली मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे. घरी नवरा धाऊ, कंपनीत जाणारा मुलगा किशोर आणि सासू भिमी. धाऊकडे फोन होता. कान्हाकडेही होता, सांगाव्याचा गडी कुठे पोचला ते कळावं म्हणून वाडीनेच घेऊन दिलेला. एक फोन केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्याने विचार केला, की ही जिवाची गोष्ट आहे, आणि जिवाची गोष्ट माणसाने स्वतः जाऊन सांगायची असते.

शहापूर, किन्हवली, सरळगाव, टोकावडे अशी गाड्या बदलत तो निघाला. सवयीने हातात काही घेतलं नाही. सवयीने अंगणात उभा राहिला. ओट्यावर गोदू तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली, भावाचं सुजलेलं तोंड बघितलं आणि त्याचे दोन्ही हात बघितले.

"गोदू," कान्हा म्हणाला, आणि अडखळला. मागायचं कसं, ते गाडीत बसून ठरवलं होतं, ते ऐनवेळी आठवेना.

सूप तिच्या हातातून पडलं. "गोजरदादा गेला गो!" तिने हंबरडा फोडला.

गोजर हा त्यांचा चुलतभाऊ, वयाने मोठा, गेले वर्षभर खोकणारा. त्यामुळे तिचा अंदाज तर्काला धरून होता. शेजारच्या बायका धावल्या. भिमीआजीने चुलीतली लाकडं ओढून विझवली, शिजत आलेला भात उतरवून परसात ओतला. सुतकाच्या घरात आधीचं शिजलेलं चालत नाही. कान्हा म्हणत होता, "तसं नाय गो, ऐक तरी." पण सांगावा आणणाऱ्याचं दुसरं वाक्य आजवर कोणी ऐकलेलं नाही. पहिलं झालं की त्याचं काम संपतं.

शेवटी किशोरने किती वाजता उचलणार ते विचारायला उंबरखांडला गोजरच्या घरी फोन लावला. फोन गोजरने उचलला. स्वतःच्या मरणाची बातमी त्याने पूर्ण ऐकून घेतली आणि मग ज्या शिव्या दिल्या, त्या किशोरने फोन कानापासून लांब धरल्यामुळे जमलेल्या सगळ्यांनी ऐकल्या.

रडं थांबलं. मग सगळ्यांनी कान्हाकडे बघितलं.

"जित्या माणसाचं रडं घातलास माज्या दारात," भिमीआजी म्हणाली. "भात फेकला रे मी! तुला कळत नाय? असा हात हालवत उभा राहतोस ता?"

"कान्हा, काय काम होता का?" धाऊने विचारलं. विचारण्यात माया नव्हती, पण विचारलं.

"नाय. सहज आलतो," कान्हा म्हणाला.

सहज! त्या अंगणात हा शब्द सगळ्यांत खोटा पडला. तो वळला आणि मागे न बघता चालू लागला, कारण तेवढंच त्याला नीट येत होतं.

गोदूने मला पुढे सांगितलं, ते असं. त्या दिवशी नवीन भात शिजेपर्यंत ती चुलीपुढे बसून विचार करत होती. दादा कामाशिवाय येत नाही. त्याचं काम एकच. कोणी मेलं नव्हतं. मग तो कोणाचं सांगायला आला होता?

दोन-तीन दिवसांनी ती उंबरखांडला त्याच्या दारात आली. हातात कपड्यांची पिशवी होती.

"दुसऱ्याचं सांगताना बरी तोंडात वाचा असते," ती म्हणाली. "सोताचं सांगायला आलास त पळून आलास?"

"तू रडलीस."

"मंग, आता नाय रडत. बोल."

त्याने सांगितलं. ती म्हणाली, महिना तर महिना. सासू कुरकुरतेय, धाऊ गप्प आहे, पण गप्प आहे म्हणजे हो म्हणालाय. "फक्त माझ्या माघारी म्हातारीला काय झाला नाय म्हंजे मिळवली," असं ती बोलता बोलता म्हणाली. कान्हाच्या घरात गोदू किती तरी वर्षांनी आली होती. पाणी तिने स्वतःच घेतलं. द्यायचं असतं हे त्याच्या लक्षात आलं नाही.

पौष संपता संपता इस्पितळ सुरू झालं. आधी एका यंत्रातून रक्त फिरवून पेशी काढून घेतल्या आणि घरी पाठवलं. काही आठवड्यांनी त्या पत्ता शिकून तयार झाल्या. मग औषधं देऊन अंगातली जुनी फौज कमी केली, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. आणि एके सकाळी त्या आल्या, छोट्याशा पिशवीतून, गढूळ पाण्यासारख्या.

"एवढासाच?" गोदू म्हणाली. "चायचा पार्सल यापेक्षा मोठा असतो."

त्या नळीतून आत गेल्या. कान्हा छताकडे बघत होता.

"काय वाटतंय?" सारिका नर्सने विचारलं.

"निघाले," तो म्हणाला.

खोली एकट्याची होती. दाराला मोठी काच, बाहेर पॅसेजमध्ये बाक. अंगात जंतूंशी लढायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून गोदूला दिवसातून एकदा तोंड बांधून आत यायची परवानगी. बाकी वेळ ती बाकावर. काचेखाली बोलण्यापुरती जाळी होती, तिच्यातून आवाज जायचा, पण दोघांना बोलायची सवय कमी. ती काचेतून त्याच्याकडे बघायची, तो तिच्याकडे. गोदूला कोणी तरी सांगितलं, की इथल्या नळाला येतं ते आपल्याच शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचं पाणी. उंबरखांडला भातसाचं पाणी येत नाही. ते प्यायला मुंबईला येऊन इतकं आजारी पडावं लागतं, हे तिने जाळीतून भावाला कळवलं. तो हसला. नीट हसला, असं ती सांगते.

सारिका रोज त्याला नाव विचारायची, आपण कुठे आहोत ते विचारायची आणि कागदावर एक वाक्य लिहायला लावायची. डोकं ठिकाणावर आहे की नाही ते त्यावरून कळतं. कान्हा रोज लिहायचा, 'मी बरा आहे.' त्याला दुसरं वाक्य सुचत नसे. मग ताप चढला. अंग भाजत होतं, दात वाजत होते. डॉक्टर दिशा म्हणाल्या, हे अपेक्षित आहे, पेशी कामाला लागल्यात. पण आता तुमच्या माणसाने इथून हलायचं नाही. बोलण्यात जरासा फरक पडला तरी लगेच आम्हाला सांगायचं.

"हालत नाय," गोदू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कान्हाचा फोन वाजला. किशोर होता.

"मामा," तो म्हणाला, "आजी गेली. सकाळी बसल्या जागी." मग त्याने आवाज खाली आणला. "आईला तू सांग. मी फोनवर कसा सांगू? बाबा म्हणतात मामा तिथंच हाय, त्याचाच काम हाय."

"बरा."

"सून आल्याबिगर उचलायची नाय म्हणतात. तू सांग, मामा."

फोन बंद झाला. काचेपलीकडे गोदू बाकावर पाय वर घेऊन बसली होती आणि पदराने वारा घेत होती.

आता याचा हिशोब कान्हाला तापातही कळत होता. तिला सांगितलं की ती जाणार. ती गेली की बाक रिकामा. आपण बरळायला लागलो तर ते ओळखणारं दुसरं कोणी या शहरात नाही. या शहरातच कशाला, कुठेच नाही. आणि नाही सांगितलं, उद्यावर टाकलं, तर ताप तोवर उतरेलही. एक दिवस. म्हातारी काही तक्रार करणार नव्हती. पण तिकडे अंगणात सगळे थांबले असतील, रस्त्याकडे बघत. वाट बघतात हे त्याचं रोजचं वाक्य होतं; त्याचा अर्थ त्याला वाक्याबाहेर पहिल्यांदाच दिसत असावा.

तो खाटेवरून उतरला. सलाइनच्या खांबाला धरून दारापर्यंत आला. मग खांब सोडला. फोन मागे खाटेवर राहिला होता. काचेसमोर तो सरळ उभा राहिला आणि दोन्ही हात खाली सोडले, तळवे दिसतील असे. एका हाताला नळी चिकटवलेली होती. तेवढी कायद्यात सूट.

गोदूने मान वर केली. तोंड बघितलं. हात बघितले. ती सावकाश उठली.

"कोण?" तिने जाळीपाशी येऊन विचारलं.

"भिमीआई. तुजी वाट बघतात."

ती तिथेच खाली बसली. रडली, पण आवाज न करता. इस्पितळात शिकली होती. मग उठून पिशवीत कपडे भरायला लागली. भरता भरता थांबली.

"आन् तू?"

सांगाव्यानंतर बोलायचं नसतं. आणि मागे न बघता निघून जायचं, तर निघून जायला त्याला जागाच नव्हती. म्हणून तो काचेकडे पाठ करून उभा राहिला. पुन्हा वळला तेव्हा बाक रिकामा होता.

त्या संध्याकाळी सारिका आली. "नाव?" "कान्हा." "कुठे आहात?" "काचेत." तिने मान डोलावली. "ताई कुठे गेल्या?"

"खाली. चाय प्यायला."

त्याच्या आयुष्यातला हा पहिला खोटा सांगावा. दुसऱ्या सकाळीही ताई खाली होत्या. दुपारीही. सारिकाने बाकाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि "पुष्कळ चहा पितात हो," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिच्या फेऱ्या वाढल्या. पण तिला या खोलीसारख्या आणखी खोल्या होत्या आणि कान्हा नेहमी कसा बोलतो हे तिला माहीत नव्हतं. मधल्या वेळात तो स्वतःचं नाव स्वतःलाच विचारायचा आणि स्वतःच सांगायचा. आपण दिलेलं उत्तर बरोबर आहे हे कोणी सांगावं, असं फार वाटायचं, असं तो म्हणाला. कागदावर मात्र वाक्य तेच. 'मी बरा आहे.' अक्षर तेवढं रेषेखाली उतरत गेलं होतं.

ताप उतरायला लागला त्या दिवशी त्याने डोळे उघडले, आणि काचेपलीकडे धाऊ उभा होता. एकटा. डोकं भादरलेलं. आणि दोन्ही हात रिकामे.

धाऊचं तोंड त्याने बघितलं, त्यात काही कळेना. पुन्हा हात बघितले. घाटाकडे जाणारी एसटी, सरळगावचं वळण, तापलेल्या उन्हात एकटी निघालेली गोदू असं सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. शेकडो अंगणांत लोकांना काय होत असे ते त्याला आज कळलं. उठून काचेपाशी जावंसं त्याला वाटेना. जोवर जात नाही तोवर ती जिवंत होती.

"काय रे?" धाऊ जाळीतून म्हणाला. "बोल की. वळख हाय ना?"

"गोदू..."

"ती घरी हाय. दहावा-बारावा होईपर्यंत माणसं येतात, तिला निघता येत नाय. सुतकात मलाबी निघता येत नाय, तरी धाडलीन. म्हणली, तिथं बस आन् तो कायतरी भलता बोलला त डॉक्टरला सांग."

कान्हा खाटेच्या कडेवर बसला.

"आन् हात रिकामे घेऊन काय आलास?" तो ओरडला. त्या खोलीत तो इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलला. "तुला कळत नाय?"

"पिशवी खाली गेटवर ठेवून घेतलीन रे," धाऊ म्हणाला. "भाकऱ्या होत्या, चटणी होती. वरती न्यायची नाय म्हणतात. माझी काय चूक?"

सारिका धावत आली. पेशंट ओरडतोय, म्हणजे बरळतोय का, म्हणून तिने धाऊला विचारलं. धाऊने डोकं खाजवलं. "बराच चिडलाय," तो म्हणाला. "पण बोलला ता बरोबर हाय."

हेच तर ओळखायचं होतं. सोबतीचं माणूस मिळालं.

म्हातारीच्या दहाव्या-बाराव्याला जाऊन आला तेवढं सोडलं, तर धाऊ पुढचे सगळे दिवस त्या बाकावर बसला. दोघांमध्ये बोलणं जवळजवळ झालं नाही. काच होती म्हणून, असं नव्हे. पण सकाळी डोळा उघडला की कान्हा आधी बाकाकडे बघायचा.

उपचार लागू पडला, असं म्हणतात. डॉक्टर 'म्हणतात' असंच बोलतात. गळती बरीच कमी झाली, सूज उतरली, डायलिसिसचं नाव सध्या निघत नाही. पुढच्या तपासणीला कान्हाने डॉक्टर दिशांना विचारलं, की ते काम करून आलेले कुठे गेले?

"त्या पेशी? बऱ्याच मरून जातात. थोड्या राहतात, काही वर्षंसुद्धा. पुन्हा ती खूण दिसलीच तर म्हणून."

"नाय दिसली तर?"

"तर नुसत्या फिरत राहतील," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

सहा महिने माणसांत मिसळायचं नाही, असं घरी पाठवताना बजावलं होतं. गर्दी नको, कोणाकडे जेवण नको, उकळलेलं पाणी. ही पथ्यं कान्हाला जड गेली नाहीत. वाडीलाही काही वेगळं जाणवलं नाही. मधल्या काळात वाडीत एक म्हातारा वारला. कान्हाला पाठवायचं नव्हतं, तेव्हा चांगोने सगळ्यांना फोन केले. सोयरे आले, रडले, फोनवर कळवल्याबद्दल एखाददुसरा कुरकुरलाही, पण प्रेत वेळेवर उचललं गेलं. कान्हाने ते आपल्या दारातून बघितलं. चांगो संध्याकाळी लांबूनच म्हणाला, "आता तुला तरास नाय, कान्हा. फोनवर पण होतंय." त्याला बरंच वाटेल अशा समजुतीने म्हणाला.

भाद्रपदात पथ्य सुटलं. कान्हाच्या मांडवाला काकड्या लागल्या होत्या, त्या जुन्या वाणाच्या, कोपरापासून पंजापर्यंत लांब. त्यातली सगळ्यांत मोठी त्याने तोडली. पिशवीत घातली नाही. खांद्यावर धरली, हायवेवरून दिसेल अशी, आणि शहापूर, किन्हवली, सरळगाव करत तशीच धरून नेली. गाडीतल्या एकाने विचारलं, कितीला देणार. तो म्हणाला, विकायची नाही, सांगायची आहे. त्या माणसाने पुढे काही विचारलं नाही.

अंगणात तो नेहमीच्या जागी उभा राहिला. गोदू ओट्यावर होती. तिने आधी काकडी बघितली, मग त्याच्याकडे.

"ये," ती म्हणाली.

तो उभाच.

"अरे ये ना वर. बस. पाणी आणते, उकळवून ठेवलाय." आणि ती आत गेली.

कान्हा पुढे आला. ओट्याला पाय न लावता, वाकून, त्याने काकडी ओट्याच्या कडेला ठेवली. मग त्याचे हात रिकामे झाले. तो क्षणभर तिथे घुटमळला, एवढं समोरच्या घरातल्या जनाबाईने बघितलं. सांगून झाल्यावर थांबायचं कसं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

गोदू तांब्या घेऊन बाहेर आली तेव्हा तो वळणापाशी पोचला होता, मागे न बघता चालत. तिने हाक मारली. वारा उलटा होता.

जनाबाईने पदर तोंडाला लावून हळूच विचारलं, "कोण गेलं गो?"

गोदूने तांब्या ओट्यावर ठेवला आणि काकडी उचलून घेतली.

"कोण नाय," ती म्हणाली. "भाव आलता माजा."